पारा थांबला तिथे टाका

९ जानेवारी

मिरचीबाई,

आशीर्वाद. सध्या अर्धाच पाठवते.

तुझं पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंनी वाचून दाखवलं. त्या कोर्टातून निवृत्त झाल्यात, त्यामुळे काहीही वाचलं तरी समोर आरोपी उभा असल्यासारखं वाचतात. 'महोदया' म्हणजे मीच ना, एवढं मी आधी विचारून घेतलं. दोन वर्षं नातीने आजीशी चकार शब्द बोलायचा नाही आणि मग खात्याच्या छापील कागदावर येऊन उभं राहायचं! अक्षर शिकले नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं असतं तर जास्त लागलं असतं.

तू काय विचारलंस ते माझ्या शब्दांत सांगते. बरोबर समजलंय का बघ. तुझे आजोबा जलाशयावरच्या हवामान केंद्रात एकतीस वर्षं निरीक्षक होते. रोज सकाळी आठला झडपांची पांढरी पेटी उघडायची, आतल्या दोन काचेच्या नळ्या बघायच्या, दुपारी पारा किती चढला होता, रात्री किती थंडी पडली, ते वहीत लिहायचं. त्या वह्या आता तुमच्याकडे आल्यात. पृथ्वीचा ताप मोजायला जगभरातून अशा हजारो वह्या गोळा केल्यात, त्यात या बसवायच्या आहेत. पण एका हिवाळ्यातले एकशे एकोणीस दिवस एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात. म्हणजे आकडे मनाने भरले. आणि जो माणूस एकशे एकोणीस दिवस मनाने भरतो, त्याची एकतीस वर्षं कोण खरी धरणार? फेब्रुवारीअखेर खुलासा आला नाही तर सगळ्या वह्या बाद.

हेच तू दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होतीस. "आजोबांनी खोटं लिहिलंय." आणि मी तुला दार दाखवलं होतं. त्यांना जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते गं.

तर हा खुलासा. ते आजारी होते. हाताला लागलं होतं. आकडे दुसरीकडे टिपलेले होते, हात बरा झाल्यावर एकदम वहीत उतरवले. लिही आणि मोकळी हो.

तिकडे बर्फ आहे म्हणे. कान बांधत जा. शास्त्रज्ञ झालीस म्हणून कान काही नवे बसवून दिले नसतील.

आजी

(आजींनी सांगितलं तसं, शब्दशः. 'हाताला लागलं होतं' म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. – टायपिस्ट)


२२ जानेवारी

मिरचे,

मागच्या पत्राखाली बाईंनी माझी चहाडी केली, हे मला तुझ्या उत्तरातून कळलं. दोन दिवस त्यांना चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी मलाच एकटीला चहा जाईना.

"कुठला हात? कोणते डॉक्टर? आकडे कशावर टिपले होते?" तीन प्रश्न आणि खाली सही. बाई म्हणाल्या, "पोरगी वकील व्हायला हवी होती." मी म्हटलं, "झालीच आहे. फक्त अशील बर्फ आहे."

पण दुसरं पान तू हाताने लिहिलंस. ते मी तीनदा वाचून घेतलं.

म्हणजे बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. खालचा दाबला जातो आणि दाबला जाताना त्या त्या वर्षाची हवा बुडबुड्यांत कोंडून ठेवतो. तुम्ही कोसभर खोल भोक पाडता आणि बर्फाचे लांब दांडे वर काढता. आठ लाख वर्षांपूर्वीची हवा! माणूस माणूस झाला नव्हता तेव्हाची! ती मोजली तर कार्बनचा तो वायू दहा हजार भागांत कधीच तीन भागांच्या वर गेलेला नाही. थंडीची युगं आली, उबेची आली, तो खाली गेला, वर आला, पण तीनची वेस त्याने ओलांडली नाही. आणि माझ्या आजीच्या आजीच्या काळापासून लोक कोळसा आणि तेल जाळायला लागले, तो आज सव्वाचारावर गेलाय. आठ लाख वर्षं एकीकडे आणि आपल्या पाचसहा पिढ्या एकीकडे.

आणि तू लिहिलंस की जुन्या बर्फाचा तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला की तो तडतडतो, कारण ती कोंडलेली हवा सुटते. तू त्या पेल्यावर नाक धरलं होतंस. मिरचे, म्हणजे जी हवा कुठल्याच माणसाने कधी घेतली नव्हती ती तुझ्या छातीत जाऊन आली? बाईंनी विचारलं, "पुढे?" मी म्हटलं, "थांबा जरा. मी तिथे आहे."

धुराचंही ऐकलं. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगल, आणि त्यातल्या कार्बनचा वाण जरा हलका. हवेत जो वाढतोय तो तोच हलका वाण आहे, म्हणून तो कुठून आला ते ओळखता येतं. मी जन्मभर शेगडीचा धूर पदराने खिडकीबाहेर हाकलला. मला वाटायचं, गेला. गेला कुठला! वर जाऊन बसलाय, अंगावर जन्मखूण घेऊन.

रविवारी तुझा बाप आला होता. त्याला हे सांगितलं. वीजकेंद्रातला बॉयलर इंजिनिअर तो, कोळशाला कुणी वाकडं बोललं की त्याला स्वतःला बोलल्यासारखं होतं.

"आई, हवा काय आज बदलतेय? कधी तापते, कधी निवते. सूर्यच जरा तापला असेल."

"सूर्य तापला असता तर दिवस जास्त तापले असते. तुझी पोरगी म्हणते, दिवसांपेक्षा रात्री जास्त तापतायत. आणि पार वरची हवा तर उलट गार होतेय. सूर्याचं काम असतं तर तीही तापली असती. हे पांघरुणाचं काम आहे. आत ऊब, बाहेरचं कापड गार."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पांघरुणातलं? तू सहा वर्षांचा होईपर्यंत रोज लाथेने काढायचास आणि रोज मी घालायची."

तो हसला, पण पटलं नाही त्याला. जेवला आणि गेला.

आता तुझे तीन प्रश्न. हात ठीक होता. डॉक्टर नव्हते. ते बाहेरगावी गेले होते. पण नळ्या रोज बघितल्या गेल्या, एकही दिवस चुकला नाही. कुणी बघितल्या ते विचारू नकोस. एवढ्यावर भागव.

आजी


४ फेब्रुवारी

मिरचे,

भागत नाही, असं तू लिहिलंस. "आजी, मला आजोबा खोटे ठरवायचे नाहीत, पण जे मला सांगितलं जात नाही ते मी लिहू शकत नाही." हे वाचताना बाईंचाही आवाज कोर्टातला राहिला नाही. तेव्हा बाईंना चहा देऊन, दार लावून, सांगते.

तुझे आजोबा मला सोडून गेले होते.

बंदराच्या गावात एक खाणावळवाली होती. वर्षातून दोनदा नळ्या तपासून आणायला ते तिकडे जायचे, तिच्याकडे उतरायचे. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर म्हणाले, "मी काय इथे पारा बघत बघतच म्हातारा होऊ?" आणि पिशवी घेऊन गेले. तुझा बाप सहा वर्षांचा होता. त्याला मी सांगितलं, बाबा कामावर गेलेत.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पेटी उघडली. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. नोकरी गेली असती, घर गेलं असतं, हे आहेच. पण त्याहून जास्त म्हणजे ती पेटी बंद बघवेना. एकतीसपैकी चार वर्षं झाली होती तेव्हा, आणि त्या चार वर्षांत एक सकाळ सुटली नव्हती.

आता मला अंक येत नाहीत. शून्याची जाड रेघ कुठली आणि चाळिसाची कुठली, एवढं यांनी गंमत म्हणून दाखवलं होतं. रेघा ओळखायला शाळा लागत नाही. पण मला शिवण येत होतं. मी पांढऱ्या सुती कापडाची दोन फडकी घेतली, एक दिवसाचं, एक रात्रीचं. नळीच्या दोन जाड रेघा जिथे येतात तिथे फडक्यावर काळ्या दोऱ्याच्या दोन ओळी घातल्या. रोज सकाळी फडकं नळीला लावायचं, ओळी रेघांशी जुळवायच्या, आणि पारा थांबला असेल तिथे टाचणी खुपसायची. घरी येऊन टाचणीच्या जागी टाका. दिवसाचा लाल, रात्रीचा निळा. दुसऱ्या दिवशी एक दोरा सरकून शेजारी पुढचा टाका. रात्रीच्या नळीत पारा नसतो, स्पिरिट असतं. तुझे आजोबा म्हणायचे, आपल्या घरात पिणारी एवढी एकच. तिच्यात एक बारीक काळी काडी असते. थंडी वाढली की ती खाली सरकते आणि सर्वांत थंड क्षणाला जिथे असेल तिथेच पडून राहते. सकाळी मला ती सांगायची, रात्री इथपर्यंत आले होते बाई. मग दिवसाची नळी झटकायची, रात्रीची तिरकी करायची, पेटी बंद. असं एकशे एकोणीस दिवस.

मग एका सकाळी ते आले. घरात नाही शिरले, आधी पेटीकडे गेले. मी तिथेच होते, तोंडात टाचणी. त्यांनी फडकी बघितली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"एकही दिवस सोडला नाहीस?"

"तुमच्यासाठी नव्हे. पाऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं?"

त्या दिवशी बसून त्यांनी एकेक टाका नळीला लावला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला. म्हणून एक शाई. म्हणून एक बैठक. त्यात मनाचं काही नाही.

ती खाणावळवाली का सुटली, ते मी कधी विचारलं नाही. तिच्या हातचं जेवण खारट होतं, असं ते एकदा आपणहून म्हणाले. मी मीठ पुढे सरकवलं.

पुढचं ऐक, कारण तुझ्या कामाचं पुढेच आहे. दुसऱ्या वर्षी तेच दिवस आले तेव्हा मी पुन्हा दोन फडकी काढली. पहिल्यांदा निव्वळ दुष्टपणा होता. त्यांना रोज सकाळी आठवण राहावी म्हणून. नंतर सवय झाली. नंतर त्याची गोडी लागली. केंद्रात आपोआप नोंद करणारं यंत्र आलं, तरी जुनी पेटी काही कुणी काढली नाही, आणि चौकीदार मला फाटक उघडतो. मधे रात्रीची एक नळी फुटली, नवी जरा बुटकी आली, म्हणून त्या वर्षापासून काळ्या ओळी जवळ आल्यात, ते लक्षात ठेव. चालू हिवाळा सोडून सत्तेचाळीस हिवाळे. चौऱ्याण्णव फडकी. ट्रंकेत होती. इतक्या वर्षांत मी ती कधी एकत्र मांडली नव्हती. वर्ष संपलं की घडी, की ट्रंक.

काल मांडली. लालखाली लाल, निळ्याखाली निळं नव्हे, एकाशेजारी एक, पहिल्या वर्षापासून. खोलीत मावली नाहीत, मधल्या वाटेवर आली, मग व्हरांड्यात. बाईंनी बसून सगळ्या काळ्या ओळी सरळ केल्या. आणि मी उभी राहिले आणि बघितलं.

मिरचे, निळे टाके चढत होते. एखादं वर्ष खाली, दोन वर्षं वर, पुन्हा खाली, पण पहिल्या फडक्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेलं की चांगली बोटाच्या रुंदीएवढी चढण. लालही चढलेत, पण अर्ध्या बोटाने. प्रत्येक टाका मीच घातला होता. प्रत्येक वेळी फक्त त्या दिवसाकडे बघून. आणि माझ्या हाताखालून एवढं मोठं काही हळूहळू वर सरकत होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती! गर्भार बाईच्या पोटावर हात ठेवला की आतून ढोसणी बसते ना, तसं वाटलं. एवढी मोठी पृथ्वी आणि माझ्या जमिनीवर फडक्यांत ढोसत होती.

तेवढ्यात तुझा बाप आला. दारातच थांबला, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला आजोबांचं जाणं, खाणावळ, सगळं सांगितलं. म्हणाला, "ते मला माहीत होतं. तू मला रोज पेटीपाशी नेत होतीस. बाबा तिथे नव्हते." सत्तेचाळीस वर्षं पोटात ठेवलं त्याने, तुझ्या बापाने.

मग तो उकिडवा बसून व्हरांड्यापर्यंत सरकत गेला. परत आला.

"आई, हे निळं वर का चाललंय?"

"तुझी पोरगी सांगते, तेच ते."

"शहर वाढलं असेल. सिमेंट रात्री तापलेलं राहतं."

"जलाशयापाशी कोण बांधणार? पाणी आणि गवत."

तो उठला. मग वर्षं मोजत एका फडक्यापाशी गेला आणि त्यावर हात ठेवला. "मी इथे लागलो बॉयलरवर," म्हणाला. "इथून पुढे मी आहे."

मी म्हटलं, "एकटा नाहीस. दिवे माझ्याही घरात लागतात."

पहिली दोन फडकी, त्या हिवाळ्याची, पुढच्या आठवड्यात पाठवते. टाके आणि वही ताडून बघ.

आजी


११ फेब्रुवारी

मिरचे,

घात झाला.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची ही दोन मळकट फडकी परक्या देशातल्या मोठमोठ्या लोकांसमोर जाणार. एकाला तर दिव्याच्या तेलाचा डाग. म्हणून मी ती धुतली. गरम पाण्यात, साबण लावून, खसखसून. कोरं सुती कापड होतं, कधी पाणी लागलं नव्हतं. वाळल्यावर बघते तर आटून चार बोटं कमी. नळीला लावून बघितलं, कुठलाच टाका जागेवर नाही.

पृथ्वीचा पुरावा मी भट्टीला घातला. एवढं शहाणपण मलाच सुचायचं.

बाई म्हणाल्या, "कोर्टात याला पुरावा नष्ट करणं म्हणतात." मग माझं तोंड बघून त्यांनी मला पाणी आणून दिलं. तुझ्या बापाने पट्टी घेऊन मापं काढली आणि कागद भरला.

आहेत तशी पाठवतेय. आजोबांचा खरेपणा माझ्याकडे एवढ्या दोन फडक्यांत होता. सत्तेचाळीस वर्षं तो मी लाजेपायी लपवला आणि एका सकाळी हौसेपायी धुतला. तू मला दार दाखवलंस तरी आता मी काही म्हणणार नाही.

आजी


२७ फेब्रुवारी

मिरचे,

तुझं पत्र बाईंनी जिन्यातच उघडलं, वर यायचाही धीर नव्हता त्यांना.

काळ्या ओळींनी वाचवलं! कापड आटलं तसं दोन ओळींमधलं अंतरही त्याच हिशेबाने आटलं, म्हणून टाका शून्यापासून किती वाटेवर आहे ते तसंच राहिलं. मी गरम पाण्यात घातलं तरी पारा आपलं म्हणणं सोडायला तयार नाही. एकशे एकोणीस लाल, एकशे एकोणीस निळे. सगळे वहीशी जुळले, फक्त पहिले दोन निळे सोडून. तिथे वहीतला आकडा टाक्यापेक्षा थोडा जास्त, दोन्ही दिवशी अगदी सारखाच जास्त, आणि तू विचारतेस, का.

ती चूक माझी. काडीला दोन टोकं असतात. बाहेरचं, नळीच्या गोळ्यापासून लांबचं, धरायचं असतं, पहिले दोन दिवस मी आतलं धरलं. तिसऱ्या दिवशी आठवलं. आजोबा वहीत उतरवताना तिथे थांबले आणि म्हणाले, "पहिल्या दोन दिवशी कुठलं टोक धरलंस?" मी म्हटलं, आतलं. त्यांनी काडीची लांबी मिळवली आणि पुढे लिहिलं. त्या अख्ख्या बैठकीत त्यांनी मला विचारलेला प्रश्न हा एवढाच. कशी राहिलीस, पोराने काय विचारलं, काही नाही. काडीचं टोक! तेव्हा मला इतका राग आला होता. आज तुझ्या पत्रात तो प्रश्न पुन्हा आला तेव्हा कळलं, खोटं लिहायचं असतं तर त्या माणसाने ते टोक विचारलं नसतं.

तर त्यांच्या वह्या आता आत गेल्या. तू लिहिलंस की त्या एका रेषेत आहेत, आणि ती रेषा हजारो केंद्रांची आहे, समुद्रातल्या जहाजांची, आकाशात सोडलेल्या फुग्यांची, तुझ्या बर्फाची. सगळ्यांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांना न विचारता, आणि सगळ्यांचं एकच आलं. मी काल सकाळी पेटीपाशी उभी होते आणि मनात आलं, आत्ता या घटकेला कुठे कुठे कोण कोण झडपा उघडत असेल. कुणाला ताप असेल, कुणाचं घरी भांडण झालं असेल, कुणी सोडून गेलं असेल. तरी उघडतायत. एवढ्या मोठ्या पृथ्वीला कळवायचं होतं, आणि तिने अशा माणसांच्या हाती निरोप दिला.

तुझा बाप मात्र आता रोज येतो. फडकी मोजतो, कागद भरतो. बॉयलर बंद होऊन दुसरं काहीतरी येणार आहे म्हणाला, वारा की ऊन. पूर्वी हे सांगताना शिव्या द्यायचा. परवा सांगितलं तेव्हा फक्त म्हणाला, "लवकर यायला हवं."

आता शेवटचं. तू लिहिलंस, वहीच्या नोंदीला शेरा जोडावा लागतो आणि तो कायम राहतो, जगात कुणीही वाचू शकतो. म्हणून तू तिथे "निरीक्षक आजारी होते" एवढंच टाकणार आहेस, म्हणजे माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर जाणार नाही.

अगं, एका शाईवरून आजोबांवर उठलेली तू, आणि आता आजीसाठी खोटं लिहायला निघालीस? एवढं प्रेम मला सोसायचं नाही. अजून शंभर वर्षांनी कुणी दुसरी तिखट पोरगी ती वही उघडेल आणि विचारेल, कुठला आजार? कोणते डॉक्टर? आणि एका खोट्या ओळीपायी पुन्हा एकतीस वर्षं बाद करेल. तेव्हा मी उत्तर द्यायला नसेन. ते सोडून गेले होते हेही खरं आणि परत येऊन काडीचं टोक विचारलं हेही खरं. लाज वाटायची ती मला सत्तेचाळीस वर्षं पुरेशी वाटून झाली.

बाई, इथून पुढे जसंच्या तसं घ्या. मिरचे, शेऱ्यात असं लिही:

'या दिवसांत निरीक्षक घर सोडून गेले होते. नोंदी त्यांच्या पत्नीने घेतल्या. तिला अंक वाचता येत नव्हते. पहिल्या दोन दिवशी तिने काडीचं चुकीचं टोक धरलं, ते निरीक्षकांनी परतल्यावर दुरुस्त केलं. एकही दिवस सुटलेला नाही.'

आजी